ईश्वरीचा कप्पा

कंपनीचं पत्र आलं तेव्हा लोहारांच्या घरात कुणालाच त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण ते फार गोड भाषेत लिहिलं होतं. 'सात वर्षांच्या सुंदर सोबतीबद्दल आभार' असं त्याचं पहिलं वाक्य. इतक्या गोड सुरुवातीची पत्रं माणसानं खालून वर वाचावीत. अगदी खाली, बारीक अक्षरांत लिहिलं होतं की येत्या बुधवारी दुपारी बारा वाजता कंपनीचा सर्व्हर कायमचा बंद होईल. ज्यांना आपली माहिती हवी असेल त्यांनी ती त्याच दिवशी सकाळी आठ ते बारा या वेळात घेऊन जावी.

माहिती म्हणजे हिंदुराव लोहारांचं बोलणं.

हिंदुराव कराडच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटली, कुठली रद्द झाली हे भोंग्यावरून सांगायचं हे त्यांचं काम. मंडईत भाजी घेताना ते नुसतं 'मेथी कशी?' म्हणाले तरी चार माणसं वळून बघायची. आवाज ओळखीचा, तोंड अनोळखी. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात आठ महिन्यांत बराचसा परत आला. वाचा परत आली नाही.

अशा माणसाच्या डोक्यात शब्द तयार असतात. ते तोंडापर्यंत पोचायची वाट तेवढी बुजलेली असते. म्हणून हिंदुरावांच्या मेंदूवर तमालपत्राएवढी एक पातळ जाळी बसवली होती. मेंदू एखादं वाक्य जुळवायला लागला की तिथल्या पेशींमध्ये विजेच्या बारीक लहरी उठतात. जाळी त्या टिपायची आणि गळ्यातला छोटा पट्टा त्यांवरून शब्द ओळखून मोठ्यानं बोलायचा. या यंत्राला वाचासेतू म्हणत. आवाजही परका नव्हता. स्टँडवरच्या जुन्या घोषणांचं रेकॉर्डिंग होतं, त्यातून हिंदुरावांचाच आवाज घडवला होता.

डॉक्टरांना सुरुवातीला वाटलं होतं की एका माणसाला एकच नकाशा पुरेल. तो पुरला नाही. तेच 'पाणी दे' माणूस बायकोला म्हणतो तेव्हा मेंदूत एका तऱ्हेनं जुळतं, दवाखान्यातल्या नर्सला म्हणतो तेव्हा दुसऱ्याच तऱ्हेनं. समोर कोण आहे यावर वाक्याचा सगळा बेत बदलतो, हे शास्त्रज्ञांना या जाळीमुळंच कळलं. आपल्याला ते आधीपासून ठाऊक होतं, पण आपल्याला कोण विचारतो! मग यंत्र प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळा कप्पा ठेवू लागलं. त्या माणसाशी बोलण्यापुरतं जे शिकलं ते त्या कप्प्यात. हे कप्पे होते यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. ते गेले की गळ्यातला पट्टा प्रत्येकाशी पहिल्या दिवसासारखा बोलणार, म्हणजे एक शब्द, मग सुस्कारा, मग जमला तर दुसरा शब्द.

सातारा-सांगलीकडं असे वाचासेतूवाले साडेतीनशे होते. चार माणसं एकत्र आली की सहकारी संस्था काढायची, ही आमच्याकडची जुनी खोड. त्यांनीही काढली होती. संस्थेनं विट्याला स्वतःचा सर्व्हर उभा केला, कप्पे ठेवायला जागा केली. आता प्रश्न एवढाच उरला की कप्पे तिथं न्यायचे कसे.

दोन हजार सत्तेचाळीस सालात यंत्राला काही सांगायचं तर माणूस तोंडानं सांगतो. कंपनीनं मात्र बोलून काम करणारे आपले सगळे मदतनीस आठवडाभर आधीच बंद केले होते. उरली होती फक्त कमांड लाइन, म्हणजे काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि तिच्यापुढं अक्षर न अक्षर बरोबर टाइप करायचं. संस्थेच्या निम्म्या सभासदांच्या घरात कीबोर्डसुद्धा नव्हता.

लोहारांच्या घरात कीबोर्ड होता आणि तो चालवणारी ईश्वरीही होती.

ईश्वरी छत्तीस वर्षांची. कोयनेच्या खोऱ्यात, नवजापासून खाली मोरगिरीपर्यंत डोंगरात बसवलेली पाऊस आणि पाणी मोजायची जुनी यंत्रं आहेत. त्यांच्या नोंदी ओढून आणायचं काम ती कराडच्या पूरमापन कार्यालयात करायची. ती यंत्रं इतकी जुनी की त्यांना बोललेलं काही कळत नसे. त्यांना टाइप केलेलाच हुकूम लागे. त्यामुळं सगळं जग विसरलेली ही विद्या ईश्वरीच्या बोटांत रोजची होती. ती कामाला वाघ होती, पण थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. चहा गार व्हायच्या आत पिणार, लिफ्टची वाट न बघता जिना चढणार, आणि समोरचा माणूस वाक्य जुळवत असेल तर ते वाक्य स्वतः पुरं करून उत्तरही देऊन टाकणार.

बुधवारी सकाळी आठला ती शनिवार पेठेतल्या घरी, हॉलमधल्या टेबलाशी बसली. तिचे वडील हिंदुराव, म्हणजे आप्पा, खिडकीजवळच्या खुर्चीत होते. आई, म्हणजे मालनबाई, पोहे परतत होत्या. कराडात बसून ईश्वरीनं कंपनीच्या सर्व्हरचं दार उघडलं. तिथं उभं राहून ती विट्याच्या सर्व्हरला हुकूम पाठवणार होती. सामान एका परक्या घरातून निघून दुसऱ्या परक्या घरात जाणार आणि ही मधे उभी राहून नुसतं 'हे उचल, ते ठेव' सांगणार, असा प्रकार. त्यासाठीचं अवजार पन्नास वर्षांपूर्वीचं, नाव आर-सिंक. ते दोन्हीकडची यादी ताडून बघतं आणि पलीकडं जे नाही तेवढंच पाठवतं.

आधी तिनं कप्प्यांची यादी मागवली. चौदा नावं आली, नावापुढं आकार.

"आई, तुझा कप्पा नऊ एमबी."

"म्हंजे किती?"

"फार नाही. रसूलचाचांचा चाळीस आहे. मसूरच्या आत्याचा साडेतीनशे."

मालनबाई उलथनं घेऊनच बाहेर आल्या. "एकोणचाळीस वर्सं संसार केला, अन् नऊ? अन् त्या वन्सं वर्सातनं दोनदा येत्यात, त्यांचं साडेतीनशे?" त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "बरं चाललंय तुमचं."

हिंदुरावांनी पेपर वर केला.

यादीतलं शेवटचं नाव ईश्वरीचं होतं. तिनं आकार दोनदा वाचला. दीड जीबी. बाकी तेरा जणांचं सगळं मिळून पावणेदोन जीबी आणि हिचं एकटीचं दीड. तिला हे पटेना. आप्पांशी तिचं बोलणं ते काय? 'औषध घेतलं?', 'निघते', 'आले'. घरात सगळ्यांत कमी बोलणारी तीच होती. काहीतरी चूक असेल म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं.

कंपनीनं प्रत्येक सभासदाला एकच वाट ठेवली होती आणि तीही चिंचोळी. ईश्वरीनं कागदावर हिशेब केला. दहा मिनिटांत सुरू केलं तर सगळं जायला साडेतीन तासांहून थोडं जास्त. बाराच्या आत संपायला बारा-तेरा मिनिटं शिल्लक.

"लहान आधी पाठवते," ती म्हणाली. "शेवटी माझा."

हिंदुरावांनी पेपर खाली ठेवला. गळ्यातल्या पट्ट्यातून सुस्कारा आला, मग एक शब्द. "आधी..."

"आधी काय, पोहे खाऊ? नको, नंतर."

"आधी... तुझा..."

"माझा आधी? का, मोठा म्हणून?"

त्यांनी अंगठा खुर्चीच्या हातावर आपटला. यंत्र अडकलं की पुन्हा प्रयत्न करायची ती खूण. एकदा, दोनदा, तीनदा. "लांब पल्ल्याची... गाडी... आधी..."

ईश्वरीला उरलेलं कळलं. स्टँडवरचा हा त्यांचा नियम घरात सगळ्यांना पाठ होता. जिला सगळ्यांत लांब जायचंय तिला फलाट आधी द्यायचा. मसूर-उंब्रजच्या गाड्या काय, मागनं सुटतातच.

"आप्पा, ही एसटी नाहीये," ती म्हणाली. "आमच्याकडं उलटं असतं. डोंगरातली लाइन कधी तुटेल सांगता येत नाही. लहान लहान आधी आणून ठेवायचं, म्हणजे तुटली तरी जास्तीत जास्त ठिकाणं हाताशी लागतात. तुमच्या नियमानं गेलो आणि माझं पाठवतानाच लाइन गेली तर आईचा कप्पाही जाईल. मग आईशी बोलणार कसं?"

"तुझा..."

"माझं काय अडलंय! मला कळतं सगळं." तिनं वळून कीबोर्ड ओढला. आधी एक कोरडी फेरी केली. तिच्यात काहीच हलत नाही, काय काय हलेल याची नुसती यादी येते. यादी बरोबर होती. मग रागाच्या भरात बोटांना पाठ असलेला रोजचा हुकूम तिनं धाडधाड टाइप केला आणि सोडून दिला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मालनबाईंचा कप्पा मिनिटाच्या आत विट्याला पोचला. तिथं संस्थेच्या तंत्रज्ञ प्रज्ञा कांबळे बसल्या होत्या, त्यांनी हिंदुरावांचा पट्टा नव्या सर्व्हरला जोडून दिला आणि फोनवर म्हणाल्या, "बघा बरं बोलून."

मालनबाई नवऱ्यासमोर पोह्यांची ताटली धरून उभ्या राहिल्या. हिंदुरावांनी एक घास खाल्ला.

"मालन, मीठ कमी हाय की गं," पट्टा म्हणाला. एका दमात, कुठंही न अडकता, स्टँडवरच्या खणखणीत आवाजात.

"आलं बाई बोलणं!" मालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अन् आलं ते नावं ठेवतच आलं." त्या मीठ आणायला गेल्या त्या बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

नऊ वाजता रसूल मुल्ला आले. ते चिपळूण गाडीचे ड्रायव्हर होते. आता दोघंही निवृत्त, पण नऊला येऊन तासभर बसायचा नेम मोडला नव्हता. त्यांचाही कप्पा तोवर पोचला होता.

"काय नियंत्रकसाहेब, आज माझी गाडी लागली का न्हाई?"

"तुझी गाडी लागली, पर तू कवा येळंवर आलायस?" हिंदुराव म्हणाले आणि दोघं हसले. ईश्वरी पडद्यावरचे आकडे बघत होती, पण कान तिकडं होते. रसूलचाचांशी बोलताना आप्पा थट्टा करतात, आईशी बोलताना तक्रार करतात. तिच्याशी बोलताना त्यांचे सुस्कारेच जास्त. हे तिला आजच जाणवलं असं नाही; आज ते ऐकायला तिला वेळ होता एवढंच.

दहा वाजून सात मिनिटांनी तेरावा कप्पा पोचला आणि चौदावा निघाला. प्रज्ञाताईंचा फोन आला. "तेरा आले, तेराही चांगले आहेत. तुम्ही माझे निम्मे श्रम वाचवलेत. बाकीचे सभासद फोनवर रडतायत नुसते."

"एक विचारू?" ईश्वरी गॅलरीत गेली. "माझा कप्पा एवढा मोठा कसा? आमचं बोलणं तर अगदी थोडं असतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही? कप्प्यात बोलणं साठत नाही. यंत्राला जे बरोबर कळतं ते ते टाकून देतं. कप्प्यात फक्त अडकलेलं जातं. माणसानं एक वाक्य जुळवलं, यंत्राला कळलं नाही, त्यानं पुन्हा जुळवलं, मग तिसऱ्यांदा. ते सगळे प्रयत्न कप्प्यात. ज्याच्याशी बोलताना अडत नाही त्याचा कप्पा लहान."

"म्हणजे आईचा नऊ एमबी..."

"म्हणजे आईंशी बोलताना त्यांचं काही अडतच नाही."

ईश्वरीनं गॅलरीचा कठडा धरला. "आणि माझ्याशी?"

"यादी दिसतेय मला. सव्वा लाखाच्या आसपास नोंदी आहेत. दिवसाला पन्नासेक पडल्या." प्रज्ञाताईंचा आवाज मऊ झाला. "असं होतं हो. समोरच्याला घाई आहे असं वाटलं की बोलणाऱ्याचा मेंदू आधीच धास्तावतो. लहरी गढूळ होतात, यंत्राला वाचता येत नाहीत. यात कुणाचा दोष नसतो."

"त्या नोंदी पुढं दुरुस्त झाल्या असतील ना?"

"थोड्या. बऱ्याचशा नोंदींच्या शेवटी एक खूण आहे. वाक्य सोडून दिलं, अशी."

सोडून दिलं, कारण तिनं ते पुरं केलेलं असायचं. ईश्वरीला वेगळं कुणी सांगायची गरज नव्हती. कधी बरोबर पुरं केलं असेल, कधी चूक. आप्पांनी अंगठा आपटणं थांबवलं की तिला वाटायचं, झालं, कळलं.

"अजून एक सांगते," प्रज्ञाताई म्हणाल्या. "सोडलेल्या वाक्यांच्याही लहरी त्यात आहेत. आम्ही इथं एक प्रयोग करतोय. एकाच गोष्टीचे दहा अर्धवट प्रयत्न एकमेकांवर ठेवले की मूळ वाक्य उमटायला लागतं. दोघातिघांचं जमलंय. तुमची फाईल आली की तुमचंही बघू. सात वर्षांत त्यांना तुम्हाला काय म्हणायचं होतं ते बरंचसं हाताला लागेल."

ईश्वरी आत आली. तिनं आप्पांकडं बघितलं नाही, बघवलं नाही. ती टेबलाशी बसली. पडद्यावर तिच्या कप्प्याचा आकडा सरकत होता. सकाळी जी फाईल शेवटी गेली काय अन् राहिली काय असं वाटत होतं, तीच आता तिला हवी होती.

मालनबाईंना तिनं कप्प्याचा अर्थ सांगितला. "बघा!" त्या अजून बसून असलेल्या रसूलभाईंना म्हणाल्या. "नऊच! मी सांगत हुते का न्हाई, ह्यांच्या मनातलं मला सांगावं लागत न्हाई." मग लेकीच्या चेहऱ्याकडं बघून त्या तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

अकरा वाजता वेग कमी झाला. शेवटच्या तासाला जागं होणारे सगळे एकदम दारात आले होते. स्टँडवर गाडी लागल्यावर होते तशी गर्दी. हिशेबातली बारा मिनिटं अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत संपली. साडेअकराला आकडा त्रेसष्ट टक्क्यांवर होता. पावणेबाराला चौऱ्याहत्तर.

"जाईल गं पोरी, जाईल," रसूलचाचा म्हणाले. "घाटात गाडी अशीच चढती. हळूहळू."

ईश्वरीच्या हातात काही करण्यासारखं नव्हतं. तिच्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. ती खुर्चीच्या कडेवर बसून आकड्यांना पुढं ढकलत होती. एकोणऐंशी. ब्याऐंशी. एकदा तिनं मान वळवली तेव्हा आप्पा पडद्याकडं नाही, तिच्याकडं बघत होते.

बारा वाजले. चौऱ्याऐंशीवर आकडा थांबला, खाली एक ओळ उमटली की पलीकडचा संबंध तुटला आहे, आणि रेघ पुन्हा रिकामी लुकलुकू लागली.

"चौऱ्याऐंशी तर आलं ना," मालनबाई म्हणाल्या. "सोळाच ऱ्हायलं. तेवढ्यानं काय हुतंय?"

खरंच होतं. नोंदी एकामागून एक लिहिलेल्या असतात. चौऱ्याऐंशी टक्के फाईल म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के नोंदी. ईश्वरीनं विट्याच्या सर्व्हरवर जाऊन यादी मागवली. तेरा नावं आली. तिनं पुन्हा मागवली. तेराच.

मग तिला कळलं.

आर-सिंकला वेगळं सांगितलं नाही तर मधेच तुटलेली फाईल ते ठेवत नाही, पुसून टाकतं. 'अर्धी आली तरी ठेव' असं सांगायला हुकुमात एक शब्द जास्त लिहावा लागतो. जगातला कुणीही माणूस दीड जीबीची फाईल चिंचोळ्या वाटेनं पाठवताना तो शब्द लिहील. पूरमापनवाले लिहीत नाहीत. नदीच्या पातळीची अर्धी नोंद म्हणजे चुकीची पातळी, चुकीच्या पातळीवर चुकीचा इशारा, आणि नको तिथं गावं हलवायची. म्हणून त्यांच्याकडं सक्त नियम होता की अर्धी फाईल ठेवायची नाही. चौदा वर्षं ईश्वरीनं तो शब्द गाळूनच हुकूम लिहिला होता, नवीन माणसानं लिहिला तर त्याला झापलंही होतं. सकाळी रागात बोटांनी तोच हुकूम लिहिला. दहा मिनिटं आधी आठवलं असतं तरी विट्याच्या बाजूनं ती अर्धी फाईल काढून ठेवता आली असती. आता कंपनीचा सर्व्हर बंद होता आणि विट्याच्या सर्व्हरवर तिच्या नावाचं अक्षरही नव्हतं.

"माझ्याच हातानं गेली," ती म्हणाली. "मीच घालवली. आप्पा सांगत होते, आधी पाठव." आणि एरवी कुणाच्या लग्नातही न रडणारी ईश्वरी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

रसूलचाचांनी टोपी उचलली. "वैनी, उद्या येतो," एवढंच म्हणून ते हळूच जिना उतरले.

थोड्या वेळानं ईश्वरीनं तोंड धुतलं. कीबोर्ड पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली. अर्धी रजा संपली होती. "मी ऑफिसला जाते," ती दाराकडं वळून म्हणाली.

पट्ट्यातून सुस्कारा आला.

तिनं वळून बघितलं. आप्पांनी डावा हात थोडा वर केला होता. तिच्यासाठी त्या यंत्राजवळ आता काहीच नव्हतं. सात वर्षांपूर्वी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी होतं तेवढंच.

"ई..." पट्टा म्हणाला. बराच वेळ काही नाही. "ईश्वरी."

'काय, पाणी हवंय?' हे तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. पिशवी खांद्यावरून उतरवली, एक स्टूल ओढलं आणि आप्पांच्या गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसली.

अंगठा खुर्चीच्या हातावर पडला. सुस्कारा. पुन्हा अंगठा. मालनबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि सवयीनं काही सुचवणार, तेवढ्यात ईश्वरीनं त्यांच्याकडं न बघता हात वर केला. त्या तिथंच थांबल्या.

"त्यात..." आप्पा म्हणाले.

ती थांबली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि तिला त्याच्याकडं बघायचं नव्हतं. ती त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहिली. इतक्या जवळून, इतका वेळ तिनं ते कधी बघितले होते ते तिला आठवेना. शब्द शोधताना त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कडेला एक बारीक शीर हलायची. म्हणजे आत सगळं चाललेलं असायचं. ती आपल्याला दिसली नव्हती, कारण तोवर आपण चप्पल घालत असायचो, असं तिच्या मनात आलं.

"त्यात... सगळं..." अंगठा, सुस्कारा, अंगठा. "अर्धवटच... हुतं."

"हो," ती म्हणाली. पुढं काही बोलली नाही.

"ते... गेलं..." या वेळी मधला खंड फार मोठा होता. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज कोपऱ्यावरून वळून पार विरून गेला तरी वाक्य पुरं झालं नव्हतं. आप्पांच्या कपाळावर घाम आला. ईश्वरीनं पदराचं टोक मागायला आईकडं हात केला, मग स्वतःच्याच ओढणीनं तो टिपला आणि पुन्हा हात मांडीवर घेऊन बसली.

"ते गेलं तर... जाऊ दे. मी... हाय की."

ईश्वरीला हसू आलं आणि रडूही आलं आणि दोन्ही तिनं येऊ दिलं. सात वर्षांत आप्पांनी तिच्याशी बोलताना पुरं केलेलं एवढं लांब वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. ते जुन्या कप्प्यानं जुळवून दिलं नव्हतं, तिनंही पुरं केलं नव्हतं. मोबाइल वाजला. विट्याचा नंबर होता. तिनं तो उचलून सांगितलं, "प्रज्ञाताई, नंतर बोलते, आप्पा बोलतायत." पलीकडून त्या हसून म्हणाल्या, "तेच सांगायला केला होता. तुमच्या नावाचा नवा कप्पा उघडलाय इथं. चारच नोंदी आहेत, पण एकीवरही सोडून दिल्याची खूण नाही."

तिनं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. ऑफिसला निरोप पाठवायचा म्हणून ती उठू लागली.

आप्पांचा डावा हात पुढं आला आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. अंगठा तिच्याच हातावर पडला, एकदा, दोनदा.

"उठू... नगं," पट्टा म्हणाला. "अजून... लई... बोलायचंय."

आणि ईश्वरी खाली बसली.